मृत्यूंचा हिशेब कसा मांडावा?

एखाद्या शहरात गेल्या वर्षी किती खून झाले, हा प्रश्न वरवर पाहता अगदी सोपा वाटतो. खून ही काही सहजासहजी लपून राहणारी गोष्ट नाही. पोलिस येतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते. मग आकडा सांगायला अडचण कसली? पण १९९२ साली कोलंबिया देशातील काली या शहराच्या नव्या महापौरांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांना एक उत्तर मिळाले नाही. पोलिसांचा आकडा वेगळा, न्यायवैद्यक विभागाचा वेगळा आणि सरकारी वकिलांच्या कचेरीचा तिसराच!

या महापौरांचे नाव रॉद्रिगो गुरेरो. ते डॉक्टर होते आणि हार्वर्ड विद्यापीठात साथरोगशास्त्र शिकले होते. पटकीची साथ आली की साथरोगतज्ज्ञ काय करतो? आधी रुग्ण मोजतो. मग रोग कोणाला झाला, कोणत्या वस्तीत झाला, केव्हापासून सुरू झाला, हे विचारतो. त्यातून दूषित विहीर सापडली तर ती बंद करायला सांगतो आणि त्यानंतर रुग्ण कमी झाले का, हे पुन्हा मोजून पाहतो. गुरेरो यांनी ठरवले की खुनांच्या बाबतीतही हेच करायचे.

खून, आत्महत्या, दंगली आणि युद्धे यांत होणाऱ्या मृत्यूंना एकत्रितपणे ‘हिंसक मृत्यू’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली हिंसेवर एक मोठा अहवाल काढला. त्यात हिंसेचे तीन प्रकार मानले आहेत : स्वतःविरुद्धची, माणसामाणसांतली आणि समूहांमधली. हे मृत्यू टाळता येण्याजोगे असतात, असे या अहवालाचे म्हणणे आहे. पण ते टाळायचे तर कायदे, नियम, पैसा आणि माणसे लागतात. म्हणजेच निर्णय घ्यावे लागतात. हे निर्णय घेणारी माणसे, मग ते मंत्री असोत, जिल्हाधिकारी असोत वा सरपंच, आकडेशास्त्रज्ञ नसतात आणि त्यांच्याकडे वेळही थोडा असतो. त्यांच्यापुढे मृत्यूंचा हिशेब कसा मांडला म्हणजे त्यातून योग्य निर्णय निघेल, हे या लेखात पाहू.

एक शहर, एक आकडा

कालीत १९८३ साली दर लाख लोकसंख्येमागे सुमारे २३ खून होत असत. दहा वर्षांत हे प्रमाण चौपट झाले. शहरात अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांची मोठी टोळी होती. त्यामुळे हे सगळे खून टोळीयुद्धातले, महापालिका त्यात काय करणार, अशी सर्वसाधारण समजूत होती.

गुरेरो यांनी पोलिस, न्यायवैद्यक, आरोग्य आणि न्याय या खात्यांच्या अधिकाऱ्यांना दर आठवड्याला एका टेबलाभोवती बसवायला सुरुवात केली. प्रत्येकाने आपापली यादी आणायची, एकेक मृत्यू ताडून पाहायचा आणि सर्वांना मान्य असा एकच आकडा ठरवायचा. हे काम कंटाळवाणे खरे, पण त्याचा मोठा फायदा झाला. आकडा कोणाचा खरा, यावरचे वाद थांबले आणि काय करायचे, यावर चर्चा सुरू झाली.

या याद्यांतून काय दिसले? सुमारे ८० टक्के खून बंदुकीने झाले होते. ज्या मृतांच्या रक्ताची तपासणी झाली, त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तात दारू सापडली. आणि खून आठवड्याच्या सातही दिवसांत सारखे विभागलेले नव्हते. शनिवार-रविवार, सणाच्या सुट्ट्या आणि पगार झाल्यानंतरच्या रात्री यांत त्यांची गर्दी होती. टोळ्यांचे खून कॅलेंडर पाहून होत नाहीत. म्हणजे टोळीयुद्धाखेरीज आणखी काहीतरी चालले होते : हातात पगार, पोटात दारू, कमरेला बंदूक आणि मग एखादे क्षुल्लक भांडण.

हे चित्र महापालिकेला उपयोगी पडणारे होते. टोळ्या मोडणे तिच्या हातात नव्हते. पण रात्री दारूची दुकाने केव्हा बंद व्हावीत, हे ठरवणे होते. दारूविक्रीच्या वेळा कमी करण्यात आल्या. पगारानंतरच्या शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांच्या दिवशी, परवाना असला तरी बंदूक बाळगून हिंडायला बंदी घालण्यात आली.

ही बंदी काही दिवस असे, काही दिवस नसे. त्यामुळे आपोआपच एक प्रयोग घडून आला. बंदीचे दिवस आणि बंदी नसलेले तसेच दिवस यांची तुलना करता आली. या अभ्यासाचे निष्कर्ष २००० साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कालीत बंदीच्या दिवसांत खुनांचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी कमी होते. बोगोटा या राजधानीच्या शहरात १९९५ ते १९९७ या काळात अशीच बंदी होती; तिथे ही घट १३ टक्के आढळली.

१४ टक्के म्हणजे काय? जिथे १०० खून झाले असते तिथे ८६ झाले. एवढ्याने कालीचा प्रश्न सुटला नाही. १९९४ मध्ये तिथले वार्षिक प्रमाण लाखामागे शंभराच्या पुढेच होते आणि त्यानंतरच्या वर्षांत ते उतरू लागले. पण एका नियमाने, फारसा खर्च न करता, शंभरातले चौदा जीव वाचत असतील, तर ती लहान गोष्ट नव्हे. ‘प्रश्न सुटला’ किंवा ‘काहीच उपयोग नाही’ या दोन टोकांच्या मधले उत्तर देता येणे, हा मोजण्याचा खरा लाभ आहे.

एकाच मृत्यूचे तीन कागद

कालीमध्ये माणसांना एकत्र बसवून जे केले, ते कायमस्वरूपी यंत्रणेने करण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला आहे. तिथे रस्त्यावरील प्राणघातक अपघातांची तपशीलवार नोंद १९७५ पासून ठेवली जाते. गाडी कोणती, वेग किती, पट्टा लावला होता का, चालक प्यायलेला होता का, रस्ता कसा होता, अशा नोंदींचा उपयोग वाहने, रस्ते आणि कायदे सुधारायला झाला. हिंसक मृत्यूंसाठीही असेच का करू नये, या विचारातून २००२ साली सहा राज्यांत ‘राष्ट्रीय हिंसक मृत्यू नोंद यंत्रणा’ सुरू झाली. २०१८ पर्यंत ती सर्व ५० राज्यांत पोहोचली.

या यंत्रणेचे वैशिष्ट्य म्हणजे तीन ठिकाणचे कागद एकत्र जोडणे. मृत्यूचा दाखला वय, लिंग आणि मृत्यूचे कारण सांगतो. न्यायवैद्यक अहवाल जखमा आणि रक्तातील दारू किंवा औषधे सांगतो. पोलिसांचा अहवाल प्रसंग सांगतो : कोणाचे कोणाशी काय नाते होते, आधी काय घडले होते. सुटे असताना हे तिन्ही कागद अर्धवटच असतात.

शिवाय ही यंत्रणा एका घटनेतील सर्व मृत्यू एकत्र नोंदवते. समजा, एखाद्याने पत्नीचा खून करून आत्महत्या केली. साध्या नोंदवहीत यातला एक मृत्यू खुनांच्या रकान्यात जाईल, दुसरा आत्महत्यांच्या. दोघांत काही संबंध आहे, हे कोणालाच दिसणार नाही. दोन्ही एकत्र ठेवल्यावर कौटुंबिक हिंसाचार हे त्यामागचे कारण समोर येते.

उदाहरणच द्यायचे तर ओरेगॉन राज्याचे देता येईल. आत्महत्या केलेल्या वृद्धांच्या नोंदी तिथे जोडून पाहिल्या, तेव्हा दिसले की त्यांपैकी अनेक जण खिन्न दिसत होते, पण उपचार फार थोड्यांवर चालू होते. बरेच जण शेवटच्या महिन्यात डॉक्टरकडे जाऊनही आले होते, अर्थात दुसऱ्याच कुठल्यातरी तक्रारीसाठी. हे समजल्यावर काय करायचे, तेही कळले. नेहमीच्या डॉक्टरांना वृद्धांमधील खिन्नता ओळखायला शिकवणे, हा राज्याच्या प्रतिबंध योजनेचा भाग झाला.

अमेरिकेच्या आकड्यांतून आणखी एक गोष्ट पुढे येते. २०२१ साली तिथे बंदुकीमुळे ४८,८३० मृत्यू झाले. बंदुकीचे मृत्यू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोळीबार येतो. प्रत्यक्षात यांतले ५४ टक्के मृत्यू आत्महत्यांचे होते. नुसता एकूण आकडा सांगितला असता तर हे लक्षात आले नसते आणि उपाययोजना अर्ध्या प्रश्नापुरतीच झाली असती.

याच देशात आकडे अडचणीचेही ठरले. बंदुकांवरील संशोधनाने नाराज झालेल्या अमेरिकन काँग्रेसने १९९६ मध्ये तरतूद केली, की इजा-प्रतिबंधासाठीचा सरकारी आरोग्यनिधी बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार करण्यासाठी वापरता येणार नाही. जोडीला २६ लाख डॉलरही कापले गेले. संशोधनावर थेट बंदी नव्हती. पण इशारा सर्वांना कळला आणि जवळजवळ दोन दशके या विषयाला सरकारी पैसा मिळणे दुरापास्त झाले. २०१९ च्या अखेरीस काँग्रेसने पुन्हा अडीच कोटी डॉलर मंजूर केले. आकडे मांडणाऱ्यासाठी यातून घेण्यासारखे हे, की नोंदींतून काय दिसते आणि आपल्याला काय व्हावेसे वाटते, हे दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहावे. वाचणाऱ्याला दुसरा परिच्छेद पटला नाही, तरी पहिला त्याला नाकारता येऊ नये.

छेद विसरू नका

आता आपल्या देशाकडे वळू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी पोलिसांच्या नोंदींवरून खुनांचे आणि आत्महत्यांचे आकडे प्रसिद्ध करतो. २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले आणि १,७०,९२४ आत्महत्या. म्हणजे एका खुनामागे सहा आत्महत्या. वर्तमानपत्रांतील जागा मात्र याच्या उलट प्रमाणात वाटलेली दिसते. त्यामुळे लोकांच्या, आणि पर्यायाने लोकप्रतिनिधींच्या, मनातले चित्रही उलटे होते.

त्याच वर्षी सर्वाधिक आत्महत्या कोणत्या राज्यात झाल्या? महाराष्ट्रात, २२,७४६. हे वाचून कोणीही म्हणेल की महाराष्ट्राची स्थिती देशात सर्वांत वाईट आहे. पण महाराष्ट्राची लोकसंख्याही मोठी आहे. अपूर्णांकात जसे नुसत्या अंशावरून काही कळत नाही, छेदही पाहावा लागतो, तसेच इथे आहे. लाख लोकसंख्येमागे प्रमाण काढले, तर देशाचे १२.४ येते, महाराष्ट्राचे १८.१ आणि सिक्कीमचे ४३.१. महाराष्ट्र सरासरीच्या बराच वर आहे, तेव्हा काळजी करायलाच हवी. पण क्रमवारी पार बदलली.

मग सिक्कीम सर्वांत वाईट का? इथेही थांबून विचार करायला हवा. सिक्कीमची लोकसंख्या सात लाखांच्या आत आहे. तिथे थोड्या घटनांनीही प्रमाण खूप हलते. शिवाय जिथे नोंदी नीट होतात तिथले प्रमाण जास्त दिसते आणि जिथे मृत्यू दडपले जातात तिथले कमी. म्हणून दोन राज्यांची तुलना करण्यापूर्वी, दोन्हीकडे नोंद सारख्याच काळजीने होते का, हे विचारावे.

लहान संख्यांचा खेळ

तालुक्याच्या पातळीवर ही अडचण फारच जाणवते. समजा, एका तालुक्यात गेल्या वर्षी दोन खून झाले आणि यंदा चार. ‘खुनांमध्ये शंभर टक्के वाढ’ असा मथळा लगेच तयार होतो. ही वाढ खरी की योगायोगाची?

वर्गात एक प्रयोग करून पाहा. मुलांचे दहा गट करा. प्रत्येक गटाने दोन फासे ७२ वेळा टाकायचे आणि दोन्ही फाशांवर सहा किती वेळा आले, ते मोजायचे. दोन्ही सहा येण्याची शक्यता ३६ पैकी १. म्हणून ७२ वेळांत सरासरी २ वेळा यावेत. पण दहा गटांना दहा वेगळे आकडे मिळतील. गणिताप्रमाणे एखाद्या गटाला शून्य मिळण्याची शक्यता १३ टक्के आहे आणि चार किंवा अधिक मिळण्याची सुमारे १४ टक्के. म्हणजे दहा गटांत एखादा शून्यवाला आणि एखादा चारवाला निघणे हे नेहमीचेच. आता फळ्यावर हे आकडे लिहून विचारा, की ‘शून्य’ गटाने काय चांगले काम केले आणि ‘चार’ गटाचे काय चुकले? मुले हसतील, पण तालुक्यांच्या आकड्यांवरून ठाणेदारांची बक्षिसे आणि बदल्या ठरवताना नेमके हेच होत असते.

उपाय सोपे आहेत. लहान भागासाठी एका वर्षाऐवजी पाच वर्षांची बेरीज घ्यावी किंवा शेजारचे तालुके एकत्र करावेत. अमेरिकेतील आरोग्य खात्याच्या आकडेवारीत २० पेक्षा कमी मृत्यूंवरून काढलेले प्रमाण अस्थिर मानतात. दहापेक्षा कमी संख्या बहुधा जाहीरच करत नाहीत. त्यामागे आणखी एक कारण आहे. एखाद्या गावात एकच मृत्यू असेल तर वय आणि लिंग सांगताच ते कोण, हे साऱ्या पंचक्रोशीला कळते. गेलेल्या माणसाची आणि मागे राहिलेल्या कुटुंबाची अब्रू जपणे, हेही हिशेब मांडणाऱ्याचे कर्तव्य आहे.

नोंदवहीबाहेरचे मृत्यू

अनैसर्गिक मृत्यू झाला की आपल्याकडे पोलिस ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद करून चौकशी करतात. पूर्वी ही चौकशी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होई. जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १९४ खाली होते. खून, आत्महत्या की अपघात, हे त्यानंतर ठरते. या ठरवण्यात समाजाची सारी दडपणे काम करतात.

आत्महत्येचा प्रयत्न हा आपल्याकडे दीर्घकाळ शिक्षापात्र गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही बाजू सौम्य केली. बदनामीची आणि पोलिसांच्या फेऱ्यांची भीती असल्यावर घरचे लोक ‘अपघात’ म्हणणार, हे उघड आहे. २०१० साली पोलिसांच्या नोंदीत १,३४,५९९ आत्महत्या होत्या. घरोघरी जाऊन मृत्यूची हकीकत विचारणाऱ्या ‘दशलक्ष मृत्यू अभ्यासा’वरून त्याच वर्षाचा अंदाज सुमारे १,८७,००० निघाला. याच्याही पलीकडे जाणारे उदाहरण जळून झालेल्या मृत्यूंचे आहे. २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यानुसार २००१ मध्ये भारतात आगीमुळे १,६३,००० हून अधिक मृत्यू झाले असावेत. पोलिसांच्या आकड्याच्या सुमारे सहापट! त्यांपैकी १,०६,००० स्त्रिया होत्या आणि त्यांतल्या बहुतेक १५ ते ३४ या वयातल्या. स्टोव्ह काही बाईचे वय पाहून भडकत नाही. स्वयंपाक तर साऱ्याच वयांच्या बायका करतात. मग मृत्यू नेमके लग्नानंतरच्या वर्षांतच का एकवटावेत? एवढे साधे वयाचे कोष्टक मांडल्यावर ‘स्टोव्हचा भडका’ या शब्दांआड किती जणी दडल्या असतील, हा प्रश्न टाळता येत नाही.

कधी मृत्यू दडत नाहीत, पण रकाने बदलतात. २०१३ साली शेती-क्षेत्रातील आत्महत्यांचा आकडा ११,७७२ होता. २०१४ च्या अहवालात शेतकऱ्यांचा आकडा ५,६५० वर आला. एका वर्षात निम्म्याहून कमी! खरे कारण असे, की त्या वर्षापासून शेतमजुरांचा वेगळा रकाना करण्यात आला आणि त्यात ६,७१० मृत्यू होते. दोन्हींची बेरीज केली तर ती १२,३६० भरते. शेतमजूर वेगळे मोजणे चांगलेच. त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. पण व्याख्या बदलली त्या वर्षी आलेखावर उभी रेघ मारून ‘येथे मोजण्याची पद्धत बदलली’ असे लिहायलाच हवे. नाहीतर सरकारला खोटे समाधान मिळते आणि शेतकऱ्याला मिळायची मदत थांबते.

आलेख बोलतो, आणि फसवतोही

क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली ब्रिटिश राज्यकर्त्यांपुढे एक आकृती ठेवली. वर्तुळाचे बारा भाग, दर महिन्याला एक; प्रत्येकात रोगांनी झालेले मृत्यू एका रंगात आणि जखमांनी झालेले दुसऱ्या. बहुतेक सैनिक शत्रूच्या गोळीने मेले नसून इस्पितळातल्या घाणीमुळे पसरलेल्या रोगांनी मेले, हे कोष्टकांची चळत न वाचताही दिसत होते. सैन्याच्या आरोग्यव्यवस्थेत सुधारणा घडवून आणण्यात या मांडणीचा वाटा आहे.

पण आलेख फसवूही शकतो. समजा, एका शहरात खून ९६ वरून ९० वर आले. ही घट सुमारे सहा टक्क्यांची. पण स्तंभालेख काढताना उभा अक्ष शून्याऐवजी ८८ पासून सुरू केला, तर पहिला स्तंभ ८ एकक उंच होईल आणि दुसरा २. पाहणाऱ्याला वाटेल, खून एक चतुर्थांशावर आले! स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच सुरू करावा. तुलनेचे वर्षही सोयीने निवडू नये. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे रस्त्यांवरचे मृत्यू कमी झाले होते. त्या वर्षाशी २०२१ ची तुलना केली की भलतीच वाढ दिसते. दहा वर्षांचा रेषालेख असला की असा मोह आपोआप टळतो.

एका पानाचा नियम

मंत्र्यांच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात दोनशे पानांचा अहवाल दिला तर तो कपाटात जातो. अहवाल जरूर असावा, पण त्याच्या वर एकच पान असावे आणि त्यात पाच प्रश्नांची उत्तरे असावीत. एक, मृत्यू किती आणि लाखामागे प्रमाण किती? दोन, दहा वर्षांत ते वाढले की घटले? तीन, कोण, कुठे, केव्हा आणि कसे मेले? चार, ज्याच्या हातात हे पान आहे त्याच्या अधिकारात काय करता येईल आणि तसे दुसरीकडे करून काय झाले? पाच, या आकड्यांत काय सुटले असण्याची शक्यता आहे आणि पुढच्या वर्षी परिणाम कसा मोजणार?

यांतला तिसरा प्रश्न किती मोलाचा आहे, हे श्रीलंकेने दाखवले. तिथे १९९५ मध्ये आत्महत्यांचे प्रमाण लाखामागे ४७ पर्यंत पोहोचले होते. जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी ते एक होते. नोंदींवरून दिसले की त्यांत शेतीच्या अतिविषारी औषधांचा वाटा फार मोठा होता. ‘लोक दुःखी का आहेत’ या प्रश्नाला एखाद्या खात्याकडे उत्तर नसते. पण ‘बाजारात कोणते विष विकले जाते’ याचे असते. सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि २००५ पर्यंत प्रमाण निम्म्यावर उतरले. पिकांचे उत्पादन घटल्याचे दिसले नाही. निराशेची ती घटका टळली, माणूस वाचला, की पुष्कळांना पुन्हा उभे राहता येते. त्या दहा वर्षांतली घट म्हणजे असेच वाचलेले हजारो लोक आहेत.

शाळेत काय करता येईल?

खून आणि आत्महत्या हे वर्गप्रकल्पाचे विषय नव्हेत. या लेखातले आकडे वापरतानाही वर्गात एखाद्या मुलाच्या घरी असा प्रसंग घडलेला असू शकतो, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. एखादा विद्यार्थी फार खचलेला वाटला तर त्याच्याशी बोलावे. १४४१६ या ‘टेली-मानस’च्या दूरध्वनीवर विनामूल्य सल्लाही मिळतो.

हिशेब मांडण्याचा सराव मात्र रस्त्यावरील अपघात, बुडून होणारे मृत्यू किंवा सर्पदंश यांवर उत्तम होतो. नववी-दहावीच्या मुलांनी गावातील गेल्या पाच वर्षांच्या घटना ग्रामपंचायतीचे मृत्यू-नोंदणी पुस्तक, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पोलिस पाटील या तीन ठिकाणांहून गोळा कराव्यात. नावे लिहू नयेत. वय, महिना, वेळ आणि जागा एवढेच टिपावे. तीन याद्या एकमेकींशी जुळणार नाहीत. त्या का जुळत नाहीत, हे शोधणे हाच प्रकल्पाचा निम्मा भाग. मग गावाच्या नकाशावर ठिपके काढावेत, महिन्यांचा स्तंभालेख काढावा आणि एका पानात पाच उत्तरे लिहावीत.

ते पान ग्रामसभेत वाचून दाखवावे. शेवटी एकच मागणी असावी, पंचायतीला झेपेल अशी : शाळेसमोर गतिरोधक, विहिरीला कठडा, आरोग्य केंद्रात सर्पदंशावरील प्रतिविष. ती कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण करणार, हे ठरावात लिहून घ्यावे. आणि पुढच्या वर्षीच्या नववीच्या मुलांनी तीच नोंद पुन्हा करावी.